एक ‘टू’ जास्त पडला

नववीत होतो. इंग्रजीच्या तासाला सरांनी विचारलं, “इंग्रजीत आर्टिकल किती?” सगळ्या वर्गात माझाच हात आधी वर गेला. इंग्रजीच्या तासाला माझा हात वर जायची ती पहिलीच वेळ. सर म्हणाले, सांग. मी उभा राहिलो आणि छाती काढून सांगितलं, “तीनशे पंचाण्णव.”

पोरं बाकं बडवून हसली. सरही हसले. सरांना पाहिजे होतं तीन. ए, अ‍ॅन आणि द. मी सांगितली होती मूळ संविधानातल्या कलमांची संख्या. आमच्या विहारात दर १४ एप्रिलला आणि २६ नोव्हेंबरला भाषणं व्हायची. आर्टिकल पंधरा, आर्टिकल सतरा, एकूण आर्टिकल ३९५, हे ऐकून ऐकून कानात बसलं होतं. आर्टिकल म्हणजे दुसरंही काही असतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. 

त्या दिवशी जो धसका घेतला तो घेतलाच. दहावीनंतर शाळा सुटली, गिरणी लागली. इंग्रजीशी पुन्हा गाठ पडली ती गिरणीतच. दोस्तांनो, आज सांगणार आहे ती त्या गाठीची गोष्ट. व्याकरणाची गोष्ट आहे म्हणून पान उलटू नका. ह्या व्याकरणानं माझ्या एका दोस्ताची नोकरी खाल्ली आहे. आणि तो अर्ज लिहिणारा हात माझा होता.

मी कसाऱ्याचा. स्टेशनापासून वर चढत गेलं की आमचा बौद्धवाडा. नाशिककडं जाणाऱ्या गाड्यांना इथं घाट चढायला मागून जादा इंजिनं लावतात, त्यांच्या धडधडीवर आमची पोरं झोपतात आणि उठतात. आजा मुंबईला गिरणीत होता, रिंगखात्यात. विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण आजाच्या आधीच्या पिढीत तिथं आपल्या माणसाला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि आपलं तोंड लागलेला धागा दुसऱ्याच्या तोंडाला कसा चालेल? पुढं वाफेची जागा विजेनं घेतली, धोटे बदलले, पण आपली माणसं रिंगखात्यातच राहिली. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला आणि आजा घरी आला तो कायमचा. आता मी पहाटेच्या लोकलनं खाली उतरतो आणि एका सूतगिरणीत कंत्राटावर काम करतो. रिंगवर धागा तुटला की बोटांनी जोडायचा. आठ तास तेच. तुटलं की जोड.

गिरणीत मला ‘मास्तर’ म्हणतात. कारण डब्याच्या पिशवीत वही असते. कविता लिहितो. लोकलच्या दारात बसून लिहितो. वही आहे म्हणजे ह्याला सगळं लिहिता येतं असं लोक धरून चालतात. कोणाचा बँकेचा फॉर्म, कोणाचा रेशनचा, कोणाचं सासुरवाडीला पत्र. मी नाही म्हणत नाही. लिहिता येतं म्हणून कोणी आपल्याला हाक मारतो, ही आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या न घडलेली गोष्ट. नाही कसं म्हणणार?

गिरणीत नवा साहेब आला. त्यानं फर्मान काढलं, अर्ज इंग्रजीतच द्यायचे, वरच्या ऑफिसात मराठी कोणी वाचत नाही. झालं. खात्यातली दोनशे माणसं गप्प. 

पहिला इंग्रजी अर्ज माझाच गेला. आईला दवाखान्यात टाकलं होतं. मी लिहिलं, “माय मदर इज सिरियस. आय वॉन्ट लीव्ह.” साहेबानं अर्ज हातात धरून मोठ्यानं वाचला. टेबलाभोवती चार कारकून. “मदर सिरियस आहे? म्हणजे काय, हसत नाही का तुझी मदर?” चौघंही हसले. मी पण हसलो. आई सलाइनवर होती आणि मी हसलो, हे आज लिहिताना सुद्धा बोट जड होतं. मग साहेबानं लाल पेनानं गोल केले. सिरियस नाही, सिरियसली इल. आणि ‘आय वॉन्ट’ काय? हा काय हुकूम आहे? ‘आय बेग टू स्टेट’ असं लिहायचं असतं. टू. समजलं?

समजलं. सही मिळाली. दोन दिवस रजा मिळाली. आई बरी झाली. पण तो ‘टू’ माझ्या डोक्यात खिळ्यासारखा बसला. मी ठरवलं, पुढच्या अर्जात ‘टू’ विसरायचा नाही.

पुढचा अर्ज माझा नव्हता. डोंगरावरच्या एका ठाकरवाडीतला पोरगा माझ्या शेजारच्या रिंगवर होता. एका लोकलनं यायचो, एका डब्यातलं खायचो. जुलैचा महिना. भाताची आवणी आली होती आणि बापाचा गुडघा गेला होता. तो म्हणाला, “मास्तर, आठ दिवस रजा पाहिजे. लिहून दे ना.” मी ऐटीत वही काढली. नुसतं ‘आय वॉन्ट लीव्ह’ लिहिलं तर साहेब पुन्हा हसेल. ‘टू’ घातला पाहिजे. घातला.

“आय वॉन्ट टू लीव्ह फ्रॉम मंडे.”

त्यानं खाली सही केली. सही करायला त्याला मीच शिकवलं होतं. साहेबानं अर्ज वाचला. ह्या वेळी हसला नाही. पोरगा तोंडानं म्हणाला, आठ दिवसांनी येतो साहेब. साहेब म्हणाला, बरं.

नवव्या दिवशी गेटवर त्याला आत सोडलं नाही. नाव कमी झालं होतं. मी खात्यातून धावत आलो, दोघं ऑफिसात गेलो. साहेबानं फाइल काढली, अर्ज समोर ठेवला. “ह्यानं स्वतः लिहून दिलंय. सोमवारपासून मी काम सोडू इच्छितो. सही आहे.” मी म्हणालो, “साहेब, रजा मागितली होती. तुम्हाला माहीत आहे.” साहेब म्हणाला, “मला कागद माहीत आहे. लिहिलं कोणी हे?” मी म्हणालो, “मी.” साहेब म्हणाला, “मग दोस्ताला तुम्हीच समजावून सांगा टू म्हणजे काय.”

तर टू म्हणजे काय, ते आता तुम्हाला सांगतो. ‘लीव्ह’ हा इंग्रजीत एक शब्द दोन कामं करतो. नाम म्हणून आला तर रजा. क्रियापद म्हणून आला तर सोडून जाणं. ‘आय वॉन्ट लीव्ह’, मला रजा पाहिजे. मध्ये ‘टू’ शिरला की ‘आय वॉन्ट टू लीव्ह’, मला सोडून जायचंय. आपल्या मराठीतही ‘रजा घेतो’ म्हणजे कधी सुट्टी आणि कधी निरोप. पण मराठीत बोलणाऱ्याचं तोंड समोर असतं. कागदाला तोंड नसतं. आणखी एक. ह्या लीव्हच्या आधी ‘ए’ पण लावायचा नसतो. इंग्रजीत रजा मोजत नाहीत, दिवस मोजतात. ‘एट डेज लीव्ह’. आठ दिवस लिहिले असते तरी तो पोरगा वाचला असता. मी तेही लिहिलं नव्हतं. 

समृद्धी महामार्गाचं काम तेव्हा आमच्या घाटाकडं चालू होतं. पोरगा तिकडं रोजंदारीवर गेला. मी त्याच्या वाडीवर गेलो. वाटलं, दोन शिव्या देईल, बरं वाटेल. तो म्हणाला, “तू लिहून तरी दिलंस. बाकीचे लिहितपण नाहीत.” शिवी परवडली असती.

त्या दिवसापासून मी इंग्रजी शिकायला बसलो. मास्तर नाही, क्लास नाही. तर्खडकरांची जुनी भाषांतर पाठमाला रद्दीत मिळाली. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलो, शिवाजी पार्कच्या स्टॉलवरनं संविधान आणलं, इंग्रजी आणि मराठी. रोज लोकलमध्ये एक ओळ इंग्रजी, एक ओळ मराठी. शाळेत ज्या उत्तरावर हसले होते, तेच उत्तर माझं पुस्तक झालं. आर्टिकलातून आर्टिकल शिकलो.

पहिलं, ‘ए’ आणि ‘अ‍ॅन’. शाळेत सांगतात, स्वर आला की ‘अ‍ॅन’. अर्धं सांगतात. अक्षराकडं बघायचं नाही, कानाकडं बघायचं. ‘युनियन’ची सुरुवात ‘यू’ अक्षरानं होते, पण कानाला ‘य’ ऐकू येतो, म्हणून ‘ए युनियन’. ‘एफआयआर’ची सुरुवात व्यंजनानं, पण तोंडातून निघतो ‘ए’, म्हणून ‘अ‍ॅन एफआयआर’. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार द्यायला जाल तेव्हा हे लक्षात ठेवा. पण विसरलात तरी थांबू नका. ‘ए एफआयआर’ लिहिल्यानं गुन्हा लहान होत नाही.

दुसरं, ‘द’. हा ‘द’ मराठीत नाहीच. म्हणून आपल्याकडून सगळ्यात जास्त चुका ह्याच्यातच होतात. कुठं सुटतो, कुठं उगाच पडतो. नियम असा की ‘ए’ म्हणजे कोणतातरी एक. ‘द’ म्हणजे तोच, जो तुला आणि मला दोघांना माहीत आहे तो. मी हे वाचलं आणि हसू आलं. हे मला माहीत होतं की! गावात दुसऱ्या आळीतला पोरगा रस्त्यानं चालला तर ‘एक पोरगा चालला’. मी चाललो तर ‘तो चालला, त्यांच्यातला’. नाव न घेता सगळ्यांना माहीत असलेला. गावानं आम्हाला कधी ‘ए’ लावलाच नाही. जन्मापासून ‘द’. 

पण ‘द’ उलटाही वापरता येतो. आमच्या शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं. आणि उन्हाळ्यात ह्याच तालुक्यातल्या वाड्यापाड्यांवर टँकर येतो. बाया हंडे घेऊन उभ्या. आता अर्ज करायचाय. ‘वुई वॉन्ट वॉटर’ लिहिलं तर काय झालं? आम्हाला पाणी पाहिजे. कसलंही. टँकर पाठवतील, फोटो काढतील. ‘वुई वॉन्ट द वॉटर’ लिहिलं तर? ते पाणी पाहिजे. जे आमच्या उशाखालून पाइपातनं जातं, ते. एका अक्षरानं मागणी बदलली. पहिल्यात दया मागितली, दुसऱ्यात वाटा मागितला. मग मला कळलं, की ‘द’ ही शोभेची वस्तू नाही. ‘द’ म्हणजे बोट दाखवणं. आणि बोट दाखवायला आपल्याला कोणी शिकवलं नव्हतं, कारण आपलं बोट कोणाकडं वळेल ते त्यांना ठाऊक होतं.

आता शब्द. ‘आय बेग टू स्टेट’. मी शब्दकोशात ‘बेग’ पाहिला. भीक मागणे. साहेबानं मला सभ्य इंग्रजी म्हणून काय शिकवलं होतं? मी भीक मागून कळवतो की. माझी पणजी गावकीच्या भाकरीला दारोदार जायची, “वाढा माय” म्हणत. शिळ्या तुकड्यांची टोपली डोक्यावर. बाबासाहेबांनी सांगितल्यावर आमच्या माणसांनी ती भाकरी बंद केली. उपाशी राहिले, पण बंद केली. आणि मी, तिचा पणतू, पायात बूट घालून, हातात पेन घेऊन, इंग्रजीत ‘बेग’ लिहू? आजही अर्जांच्या नमुन्यात हा शब्द छापतात. विलायतेतून आला, तिथं तो नुसत्या रीतीचा शब्द असेल. आमच्या घरात तो रीतीचा नव्हता, पोटाचा होता. मी आता ‘आय रिक्वेस्ट’ लिहितो. जिथं हक्क आहे तिथं ‘आय अ‍ॅम एन्टायटल्ड’ लिहितो. मला हक्क आहे.

इंग्रजीत अर्ज लिहिणारे आपण काही पहिले नाही. महारांची फौजेतली भरती बंद झाली तेव्हा पुण्याचे शिवराम जानबा कांबळे उभे राहिले. १८७५ चा जन्म. स्वतः शिकलेला माणूस. १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ काढलं. १९१० साली थेट विलायतेच्या भारतमंत्र्याकडं इंग्रजीतून अर्ज पाठवला, आमच्या माणसांना फौजेत आणि पोलिसात घ्या म्हणून. बाबासाहेब तेव्हा कॉलेजात शिकत होते. त्याच्याही आधी, १८५४ साली, सावित्रीबाईंनी ‘काव्यफुले’मध्ये शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकायला सांगितलं होतं. ते साहेबाला खूश करायला नव्हे. मधला दलाल जो कागद वाचून दाखवायचा, तो आपला आपण वाचता यावा म्हणून.

शब्दासाठी बाबासाहेब कसे भांडले ते बघा. १९३८ साली मुंबईच्या विधानसभेत एका विधेयकात आपल्यासाठी ‘हरिजन’ हा शब्द घालायचं चाललं होतं. गोड शब्द. देवाची माणसं. बाबासाहेबांनी आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं विरोध केला. मतं कमी पडली. तेव्हा ते सभागृहातून उठून बाहेर गेले. एका शब्दासाठी. आज कोणी म्हणालं की शब्दानं काय होतं, भाव बघा, तर त्याला ही गोष्ट सांगा. आपलं नाव ठेवायचा हक्क कोणाचा, हा भाव नव्हे, सत्तेचा प्रश्न आहे.

राहिला स्वल्पविराम. एवढासा. शेपूट असलेला ठिपका. ह्याच्यासाठी कोण भांडतं?

आधी हे लक्षात घ्या की हा स्वल्पविराम मराठीत मुळात नव्हता. इंग्रजी अमदानीत, छापखान्याबरोबर आला. मेजर कँडीसारख्या इंग्रजांनी तो मराठीत रुजवला. त्याआधी कागद मोडीत लिहायचे. हात न उचलता, शब्दाला शब्द जोडून, एक लांब दोरा. कुठं थांबायचं ह्याची खूण नाही. वाक्य कुठं तोडायचं ते वाचणारा ठरवायचा. आणि वाचणारा कोण? कुलकर्णी. जमिनीचा कागद, कर्जाचा कागद, वतनाचा कागद, सगळे त्याच्या तोंडून ऐकायचे. न वाचता येणाऱ्या कष्टकऱ्याला कारकुनाची लेखणी कशी नागवते ते जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये १८८३ साली उघड करून ठेवलंय. मला वाटतं, विरामचिन्हं छापून आली तेव्हा निदान एवढं झालं, की थांबायची जागा कागदावर सगळ्यांना सारखी दिसायला लागली. 

आता कायद्यातला स्वल्पविराम. १९५० चा अनुसूचित जातींचा आदेश आहे, त्याचा तिसरा परिच्छेद. त्यात लिहिलं होतं की हिंदूपेक्षा वेगळा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही. १९५६ साली त्यात ‘ऑर द सिख’ हे शब्द घातले. हिंदू किंवा शीख. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी आणि आपल्या लाखो माणसांनी धम्म घेतला. आणि केंद्राच्या कायद्यात आपण त्या वाक्याच्या बाहेर पडलो. जातीचा जाच तोच, विहीर तीच, टोमणे तेच. पण केंद्राच्या नोकरीच्या फॉर्मवर बौद्ध लिहिलं की राखीव जागा नाही. कसारा म्हणजे रेल्वेचं गाव, आणि रेल्वे केंद्राची. आमच्या वाड्यातली म्हातारी माणसं अजून सांगतात. फॉर्म समोर ठेवून रात्र रात्र बसायचे. बौद्ध लिहू, की पोट लिहू?

मग १९९० साली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या तोंडावर, दुरुस्ती झाली. काय दुरुस्ती झाली ते व्याकरणाच्या डोळ्यानं वाचा. हिंदू आणि शीख यांच्यामधला ‘ऑर’ काढला, तिथं स्वल्पविराम आला, आणि शेवटी ‘ऑर द बुद्धिस्ट’ आलं. यादीचा नियमच तो. शेवटच्या नावाआधी ‘ऑर’, बाकीच्यांमध्ये स्वल्पविराम. शाळेत दोन मिनिटांत शिकवतात. त्या ‘ऑर’च्या जागी स्वल्पविराम यायला ३४ वर्षं गेली. आणि नीट बघा, तिन्ही धर्मांच्या आधी वेगळा ‘द’ आहे. प्रत्येकाकडं बोट दाखवून. आपल्यातलेच जे ख्रिस्ती झाले, मुसलमान झाले, ते अजून त्या शेवटच्या शब्दाच्या पलीकडं उभे आहेत. त्यांच्यासाठी ते वाक्य तिथंच संपतं.

आणि शेवटचा स्वल्पविराम बाबासाहेबांचा. १९३६ साल. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषण लिहून झालं. मंडळाला काही भाग खटकला. बदला म्हणाले, गाळा म्हणाले. बाबासाहेबांनी पत्रानं कळवलं की मी एक स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद झाली नाही. त्यांनी भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं. तेच ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ आज आपण वाचतो. मी हे वाचलं तेव्हा आधी वाटलं, बोलायची पद्धत आहे. मग विचार केला. कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकलेला माणूस, बॅरिस्टर. स्वल्पविराम किती वजनाचा असतो ते त्याला माहीत होतं. म्हणूनच तो शब्द त्यानं निवडला. 

दोस्तांनो, ह्या सगळ्यातून मला एकच कळलं. इंग्रजीतल्या चुका दोन जातीच्या असतात. एक चूक अशी, की तिनं फक्त एवढंच कळतं की लिहिणारा कुठून आला. ‘मदर इज सिरियस’. अर्थ पोचला. रजा मिळाली. आपल्या देशात दवाखान्याच्या दारात सगळे तसंच बोलतात, डॉक्टरसुद्धा. त्या चुकीवर चौघं हसले. दुसरी चूक अशी, की तिनं अर्थच बदलतो. ‘वॉन्ट टू लीव्ह’. त्या चुकीवर कोणीही हसलं नाही. गुपचूप फाइलला लावली.

म्हणून हसण्याला भिऊ नका. जिथं हसतात तिथं बहुतेक वेळा आपलं काही बिघडलेलं नसतं, त्यांना फक्त आपली जागा दाखवायची असते. जिथं साहेब हसत नाही, ‘बरं’ म्हणतो आणि कागद ठेवून घेतो, तिथं थांबा. कागद परत मागा. पुन्हा वाचा. आपल्या पोरांचं उलटं होतं. हसतील म्हणून ते अर्जच करत नाहीत. आणि जे करतात ते हसू नये म्हणून दिसायला भारी इंग्रजी लिहितात. मी तेच केलं. साहेबाला खूश करायचा ‘टू’ मी दोस्ताच्या पोटावर ठेवला. साहेबाचा दगलबाजपणा आहेच, त्याला अर्थ कळला होता. पण माझा वाटा मी त्याच्यावर ढकलणार नाही.

आणि एक. सरकारी कचेरीत कोणी म्हणालं की इंग्रजीतच द्या, तर त्याला आर्टिकल ३५० दाखवा. केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडं गाऱ्हाणं द्यायचं असेल तर तिथं वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत द्यायचा आपल्याला हक्क आहे. महाराष्ट्रात मराठी. खाजगी गिरणीच्या गेटवर हे कलम पोचत नाही, हे खरं. म्हणूनच तिथं इंग्रजी शिकून जायचं. आर्टिकल ३५० आणि आर्टिकल ‘द’, दोन्ही आपल्या खिशात पाहिजेत.

रविवारी संध्याकाळी आम्ही विहारात बसतो. बौद्धवाड्यातली पोरं, ठाकरवाडीतली, कातकरी पाड्यावरची. संविधानाची पहिली ओळ फळ्यावर लिहितो. ‘वुई, द पीपल ऑफ इंडिया’. पोरांना विचारतो, ‘द’ काढला तर? मग भारतातले काही लोक, कोणतेही. ‘द’ आहे म्हणून सगळे. पाड्यावरची म्हातारी पण. आणि ‘वुई’नंतर स्वल्पविराम का? एक कातकरी पोरगी म्हणाली, “आम्ही म्हटल्यावर लोक विचारणार ना, आम्ही म्हणजे कोण? म्हणून थांबायचं. मग सांगायचं.” मी पाठमालेत इतकं सोपं वाचलं नव्हतं. मराठीत ‘द’ नाही, पण तो स्वल्पविराम मराठीतही ठेवलाय. आम्ही, भारताचे लोक.

ठाकरवाडीतला तो माझा दोस्त पण येतो. महामार्गाचं काम संपल्यावर तो एका गोदामात लागला. मागच्या पावसाळ्यात पुन्हा आवणी आली. मला म्हणाला, “मास्तर, रजा पाहिजे.” मी पेन काढलं नाही. म्हणालो, “तू लिही.” तास गेला. घाम आला. त्यानं आधी मराठीत लिहिलं, मग खाली इंग्रजीत. दोन ओळी. पहिली, मला आठ दिवस रजा पाहिजे. दुसरी, नवव्या दिवशी मी कामावर येणार आहे. दुसऱ्या ओळीखाली रेघ मारली, दोनदा. इंग्रजीत दोन जागी ‘द’ सुटला होता. मी दाखवणार होतो. तो म्हणाला, “राहू दे. हसले तर हसू देत. पण ह्याच्यातनं नोकरी काढून दाखव म्हणावं.”

अर्जाची एक नक्कल त्यानं स्वतःजवळ ठेवली, पोचल्याची सही घेऊन. हेही आता आम्ही शिकवतो. रविवारी कसाऱ्याला या. येताना तुमचे जुने अर्ज घेऊन या. लाल गोल केलेले पण आणा.

जय भीम.